लांडगा येण्याआधी : मॉस्कोतल्या एका बालमैफिलीचं प्रकरण

२ मे १९३६. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं मोठं सभागृह. मुलांसाठी मुद्दाम लिहिलेली नवी रचना, समोर मॉस्को फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद. मुलांना वाद्यवृंद दाखवायचा म्हटलं की आज जगभर पहिलं नाव निघतं ते याच रचनेचं : रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्हची ‘पीटर आणि लांडगा’. त्या दिवशी मात्र ती पडली. कुणी हुर्यो केली नाही की उठून गेलं नाही. गर्दी बेताची होती आणि कार्यक्रम झाल्याची कुणी फारशी दखलच घेतली नाही.

त्याच महिन्यात ही रचना मॉस्कोच्या पायोनियर भवनात, म्हणजे सोव्हिएत बालसंघटनेच्या वास्तूत, पुन्हा झाली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. रचना तीच, शहर तेच, मधे गेले ते काही दिवस. मग बदललं काय? मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वाद्यवृंदापर्यंत आणायचं म्हणून जे कुणी धडपडतात, त्यांनी या दोन प्रयोगांमधली फट नीट पाहायला हवी असं मला फार दिवस वाटत आलं आहे. म्हणून हे टिपण.

सात्सबाई

या प्रकरणाची सुरुवात प्रोकोफिएव्हपासून होत नाही, नताल्या सात्स यांच्यापासून होते. जन्म १९०३. वडील इल्या सात्स हे मॉस्को आर्ट थिएटरचे संगीतकार. तिथल्या १९०८ च्या ‘निळा पक्षी’ या नाटकाचं संगीत त्यांचं. मुलगी नऊ वर्षांची असतानाच ते गेले. पंधराव्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, क्रांतीनंतरच्या धामधुमीत या मुलीनं मॉस्कोत मुलांचं रंगमंच उभारण्याचं काम अंगावर घेतलं. पुढे १९३१ साली बर्लिनमध्ये ऑटो क्लेम्पररच्या संगीत दिग्दर्शनाखाली तिनं व्हर्दीचा ‘फालस्टाफ’ हा ऑपेरा बसवला. पण जीव मुलांच्या नाटकात. १९३६ च्या मार्चमध्ये सरकारनं तिच्या संस्थेला बोल्शोई थिएटरच्या शेजारची इमारत दिली आणि तिथे मध्यवर्ती बालरंगमंच सुरू झाला. रचनेचा पहिला प्रयोग झाला तेव्हा बाई तेहेतिशीच्या आत होत्या, पण अठरा वर्षं मुलांच्या प्रेक्षागृहात काढलेल्या. मुलं कुठे चुळबुळतात, कोणत्या वाक्यानंतर पाय हलायला लागतात, कुठे अख्खं सभागृह श्वास धरतं, हे त्यांना पाठ होतं.

१९३५ साली प्रोकोफिएव्ह बायकोला आणि दोन मुलांना घेऊन सात्सबाईंच्या थिएटरात सोनेरी माशाच्या गोष्टीवरचं संगीतनाट्य पाहायला आला. तो तेव्हा परदेशातला मुक्काम आवरून कायमचा मायदेशी यायच्या तयारीत होता. त्याच वर्षी त्यानं मुलांसाठी पियानोचे बारा छोटे तुकडेही लिहिले होते. बाईंनी माणूस हेरला. त्यांना नाटकाचं संगीत नको होतं. नाटकात वाद्यवृंद रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतो. मुलाला तो ऐकू येतो पण दिसत नाही, आणि लक्ष सगळं नटांकडे. वाद्यवृंदच नट व्हावा अशी एक गोष्ट त्यांना हवी होती. बाईंच्या आठवणींप्रमाणे दोघांचं ठरलं ते असं : पात्रं एकमेकांपासून ठसठशीत वेगळी हवीत, पशुपक्षी हवेत, आणि निदान एक माणूस हवा.

संहिता आधी एका तरुण कवयित्रीकडून पद्यात लिहून घेतली होती. प्रोकोफिएव्हनं ती नाकारली. यमकं कानात घुमत राहतात आणि सुरांची जागा खातात, हा त्याचा आक्षेप. त्यानं स्वतःच साध्या गद्यात गोष्ट लिहिली. पियानोवरचा खर्डा १५ एप्रिलला झाला, वाद्यवृंदासाठीची मांडणी २४ एप्रिलला. आठवड्याभरानं प्रयोग. घाईच म्हणायची.

कोण काय वाजवतं

गोष्ट आपल्याला माहीत असते ती अशी. पीटर सकाळी फाटक उघडून कुरणात जातो. फाटक उघडंच राहतं, म्हणून बदक तळ्यावर जातं. तिथे पक्ष्याची आणि त्याची जुंपते : उडता येत नाही तर तू कसला पक्षी? आणि पोहता येत नाही तर तू तरी कसला? मांजर दबा धरून येतं. आजोबा रागावून नातवाला आत नेतात, आणि मग खरोखरच लांडगा येतो. मांजर झाडावर चढतं, पक्षीही फांदीवर बसतो, आणि घाबरलेलं बदक नको तेव्हा पाण्याबाहेर येऊन गिळलं जातं. पीटर दोरी घेऊन भिंतीवरून झाडावर जातो, पक्ष्याला लांडग्याच्या तोंडाशी घिरट्या घालायला लावतो आणि लांडग्याच्या शेपटीत फास अडकवतो. बंदुका झाडत आलेल्या शिकाऱ्यांना तो थांबवतो आणि सगळे वाजतगाजत प्राणिसंग्रहालयाकडे निघतात.

पक्षी म्हणजे फ्लूट. बदक म्हणजे ओबो, आपल्या सनईच्या कुळातलं, नाकात बोलणारं वाद्य. मांजर म्हणजे क्लॅरिनेट, तेही खालच्या पट्टीत, तुटक तुटक, पावलं न वाजवता. आजोबा म्हणजे बॅसून, खालच्या सुरांचं लांब फुंकवाद्य. लांडगा म्हणजे तीन हॉर्न, पितळी फुंकवाद्यं, एकत्र. बंदुकीचे बार टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्यावर आणि मोठ्या ड्रमवर. पीटर मात्र कुणा एका वाद्याचा नाही, तो सगळ्या तंतुवाद्यांचा आहे.

ही वाटणी इतकी चपखल आहे की तिच्यामागचा हिशेब दिसत नाही. मोठ्या सिंफनीत फुंकवाद्यं बहुधा जोडीनं असतात. इथे फ्लूट एक, ओबो एक, क्लॅरिनेट एक, बॅसून एक, ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन एकेकच. तिसऱ्या रांगेतल्या पोराला आवाज कुठून आला ते डोळ्यांनी शोधता येतं, बोट दाखवता येतं. चाळीस माणसं एकदम काहीतरी करताहेत, या गोंधळाच्या जागी ‘तो बघ, तो चष्मेवाला बदक वाजवतोय’ असं होतं. निवेदकही बहुतेक वेळा संगीतावर बोलत नाही. तो वाक्य टाकतो आणि बाजूला होतो, मग सूर ते वाक्य करून दाखवतात.

आणि सूर सोपे केलेले नाहीत, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पीटरची धून शिट्टीवर वाजवता येईल इतकी सरळ वाटते. प्रत्यक्षात ती सी मेजर या स्वरपट्टीत सुरू होते आणि दोन-तीन मात्रांच्या घरांतच भलत्याच स्वरपट्टीत उडी मारून परत येते. मोठ्यांना ते खटकतं किंवा गंमत वाटते. मुलांना वाटतं, पीटर असाच चालत असेल. एकूण वेळ पंचवीस मिनिटांच्या आसपास. बालसंगीत म्हणून पाणी घातलेलं दूध द्यायची जी आपली सवय आहे, तिचा इथे मागमूस नाही. सोपी केली आहे ती वाट.

स्वरलेखनाच्या सुरुवातीला रचनाकारानं एक सूचना घातली आहे : प्रयोगाआधी मुलांना वाद्यं दाखवावीत आणि प्रत्येक पात्राची धून त्या वाद्यावर वाजवून ऐकवावी. म्हणजे ऐकता ऐकता, शिकतोय असं न वाटता, मुलं वाद्यं ओळखू लागतात. मराठी माणसाला हा बेत ओळखीचा वाटायला हवा. हा कीर्तनाचा घाट आहे. आधी पूर्वरंग, मग आख्यान. बुवा आधी विषय उलगडून ठेवतात, म्हणून उत्तररंगात नुसतं नाव घेतलं तरी समोरची आजी डोळे पुसते. आणि आख्यानातही बुवा शब्द नेमक्या जागी सोडतात, टाळ-मृदंग तो उचलतात. हे काम नुसत्या वाचणाऱ्याचं नाही. कागद चोख वाचून दाखवणाऱ्याला आपण बुवा म्हणत नाही.

२ मे

पहिल्या प्रयोगाला निवेदन सात्सबाईंचंच ठरलं होतं. त्या आजारी पडल्या. ऐनवेळी दुसऱ्या व्यक्तीला उभं केलं गेलं, आणि त्या व्यक्तीला या कामाचा अनुभव नव्हता. रचना प्रोकोफिएव्हसारख्या माणसाची, वादक शहरातले उत्तम, सभागृह देशातलं मानाचं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मुलांशी बोलणारा माणूस जागेवर नव्हता.

सभागृहाचंही काही असावं असं मला वाटतं, हा माझा तर्क. कॉन्झर्व्हेटरीचं मोठं सभागृह म्हणजे भिंतीवरून थोर संगीतकारांच्या तसबिरी खाली बघताहेत असा दरबार. तिथे गेलं की मोठी माणसंसुद्धा आवाज उतरवतात. तिथलं आईबापांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : गप्प बस. मुलाच्या वाद्यवृंदाशी झालेल्या पहिल्या भेटीचा पहिला शब्द ‘गप्प’ असेल, तर पुढचं काम अवघड झालंच. याउलट पायोनियर भवन हे मुलांचं, मुलांच्या वावरातलं. तिथे आईबाप पाहुणे.

दुसऱ्या प्रयोगात निवेदनाला सात्सबाई स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी नेमकं काय केलं असेल याची कल्पना त्यांनी पुढे अनेक वर्षांनी स्वतःच्या आवाजात केलेल्या ध्वनिमुद्रणावरून येते. रशियन समजत नसली तरी ऐकून पाहावं. त्या लाडात येऊन बोलत नाहीत, चिवचिवत नाहीत. गोष्ट खरी घडल्यासारखी सांगतात, आणि वाद्य वाजायच्या आधीचा क्षण किती ताणायचा ते त्यांना कळतं.

इथे एक प्रामाणिक अडचण नोंदवायला हवी. दोन प्रयोगांत निवेदक बदलला, जागा बदलली, श्रोतेही बदलले. त्यामुळे यश नेमकं कशाच्या पदरात टाकायचं हे काटेकोरपणे सांगता येत नाही. पण एक गोष्ट निश्चित बाद होते : रचना. ती दोन्हीकडे तीच होती. आपल्याकडे मुलांचा कार्यक्रम पडला की पहिला दोष निवडीवर जातो. अवघड वाजवलं, लांब वाजवलं, पुढच्या वेळी सिनेमातली गाणी घेऊ. मॉस्कोत त्या मे महिन्यात कुणी असं म्हणून ही रचना गुंडाळून ठेवली असती, तर तिचं नावही आज आपल्या कानावर आलं नसतं.

पण ओबो म्हणजे बदक का?

या पद्धतीवर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. एकदा ओबो बदक झाला की जन्मभर बदकच राहतो. ब्राम्सच्या सिंफनीत ओबो काळीज कातरत असतो आणि आपल्याला तळं दिसतं.

हा आक्षेप सगळ्यात धीटपणे मांडला तो लिओनार्ड बर्नस्टाइन या अमेरिकन वाद्यवृंद-संचालकानं, तोही मुलांसमोरच. १८ जानेवारी १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचा मुलांसाठीचा पहिला दूरचित्रवाणी कार्यक्रम झाला. संगीताचा अर्थ काय, हाच विषय. सुरुवातीला रोसिनीचं ‘विल्यम टेल’ वाजवलं. मुलांना ते टीव्हीवरच्या ‘लोन रेंजर’ या मालिकेचं संगीत म्हणून ठाऊक. बर्नस्टाइन म्हणाला, नाही, हे कशाबद्दलच नाही, हे सुरांबद्दल आहे. मग त्यानं सुपरमॅनची एक गोष्ट सांगितली, निरपराध मित्राला तुरुंगातून सोडवण्याची, आणि तिच्याबरोबर वाद्यवृंद वाजवला. गोष्ट अगदी बेमालूम बसली. नंतर हळूच सांगितलं की हे संगीत रिचर्ड स्ट्राउसचं, ‘डॉन किहोते’ या जुन्या स्पॅनिश कादंबरीवरचं. तुरुंगातल्या कैद्यांचं घोरणं म्हणून जे ऐकलं, ते मुळात मेंढ्यांचं ओरडणं होतं! सूर तेच, गोष्ट कोणतीही चिकटवा.

फार देखणी युक्ती आहे ही. पुढे १९७२ पर्यंत असे ५३ कार्यक्रम झाले. पण गंमत पाहा, गोष्टीची गरज नाही हे पटवायलाही त्याला आधी गोष्टच सांगावी लागली. आणि ‘पीटर आणि लांडगा’चं निवेदन करून ती रचना त्यानं स्वतः ध्वनिमुद्रितही केली. तेव्हा मी तरी हा वाद असा मिटवते : दाराला मूठ लागतेच, आत गेल्यावर ती सोडायची. ओबोला बदक म्हणत आत आलेल्या पोराला दोन-तीन वर्षांनी कुणीतरी दुसरा ओबो ऐकवला पाहिजे. ते बहुतेक ठिकाणी होत नाही, हा दोष प्रोकोफिएव्हचा नाही.

आपल्याकडची अडचण

मराठीत तर शब्दापासूनच पंचाईत. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्याला आठवतो गणपतीच्या मांडवापुढचा, हिंदी गाण्यांचा, मध्येच मिमिक्री करणारा. त्यात हिणवण्यासारखं काही नाही, पण शंभर माणसं समोर कागद ठेवून वाजवताहेत हे चित्र त्या शब्दानं उभं राहत नाही. वास्तविक ते सूर आपल्या घरात कधीपासून आहेत. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतले व्हायोलिनांचे ताफे वाजवले ते बरेचसे गोव्याहून मुंबईला आलेल्या, चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही त्यांतली मोठी नावं. आपण ऐकलं भरपूर. पाहिलं मात्र नाही. वादक स्टुडिओत, आपण रेडिओपाशी.

पाहायला मिळालेलं एक मूल मुंबईत होतं. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचा मुलगा झुबिन जन्मला २९ एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे प्रोकोफिएव्हची मांडणी पुरी झाल्यावर पाच दिवसांनी आणि पडलेल्या प्रयोगाच्या तीन दिवस आधी. त्याला कुणी वाद्यांची ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. वाद्यं आणि वाजवणारे काका घरातच सराव करत. पुढे त्यानं इस्रायल फिलहार्मोनिकबरोबर ही रचना केली, निवेदक होता व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन.

बाकीच्यांसाठी मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए हे प्रयोगकलांचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि २००६ पासून तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. तो एनसीपीएच्या खुश्रू सनटूक यांच्याबरोबर उभा केला तो कझाखस्तानच्या मरात बिसेंगालिएव्ह या व्हायोलिनवादकानं. कझाखस्तान हे नाव या प्रकरणात आणखी एकदा येणार आहे.

घरच्या पातळीवरचा माझा अनुभव छोटासाच. सहा वर्षांच्या भाचीला मी आधी नुसतं ध्वनिमुद्रण ऐकवलं, गोष्ट मराठीत सांगत. आजोबा लगेच पटले. बॅसूनचा तो कुरकुरता आवाज तिला घरातल्याच कुणाची तरी आठवण देऊन गेला. लांडगाही आवडला. मग काही दिवसांनी पडद्यावर वाजवणारे दाखवले. तिन्ही हॉर्न एकदम उचलले गेले तेव्हा ती दचकून म्हणाली, “मावशी, लांडगे तीन आहेत?” ध्वनिमुद्रणात हा प्रश्न पडलाच नव्हता. पडणार कसा? कानाला एकच जाड आवाज येतो. तीन माणसं मिळून एक प्राणी करतात, हे डोळ्यांना दिसावं लागतं. प्रत्यक्ष सभागृहात तिला नेणं अजून जमायचंय.

नंतर

रचना वेगानं परदेशी गेली. १९३८ च्या मार्चमध्ये प्रोकोफिएव्हनं बॉस्टन सिंफनीबरोबर ती अमेरिकेत सादर केली. त्याच दौऱ्यात वॉल्ट डिस्नेला ती पियानोवर वाजवून दाखवली. १९४६ साली डिस्नेचा चित्रपट आला. तबकड्या निघाल्या, मोठमोठ्या नटांनी, राजकारण्यांनी निवेदनं केली. मुलांना वाद्यवृंदासमोर आणून बसवण्यासाठी केलेली गोष्ट अशी घरोघरी बिनवाद्यवृंदाची पोचली. प्रसार झाला, नाही कशाला म्हणा. पण त्या सूचनेतलं ‘वाद्यं दाखवावीत’ तेवढं वाटेत गळलं.

बॉस्टनमध्ये टाळ्या पडत होत्या तेव्हा सात्सबाई सोव्हिएत छळछावणीत होत्या. १९३७ साली, स्टालिनच्या धरपकडीत, ‘देशद्रोह्याच्या कुटुंबातली’ म्हणून त्यांना अटक झाली. पाच वर्षं गेली. सुटल्यावर मॉस्को दूरच राहिलं. कझाखस्तानात अल्मा-अता इथे त्यांनी पुन्हा एक बालरंगमंच उभा केला. १९६५ साली मॉस्कोत मुलांसाठीचं संगीत-रंगमंच स्थापन केलं, तेव्हा त्या बासष्टीला आलेल्या. त्याच्या आजच्या इमारतीवर एक निळा पक्षी आहे, वडिलांच्या नाटकातला.

भाचीचा आणखी एक प्रश्न राहिलाच. शेवटच्या मिरवणुकीत नीट कान दिला तर ओबो पुन्हा ऐकू येतो, क्षीणसा. निवेदक सांगतो की लांडग्यानं घाईत बदकाला जिवंतच गिळलं होतं, आणि ते अजून पोटात बोलतंय. ती म्हणाली, “मग ते बाहेर कधी येणार?” मी स्वरलेखन उघडून पाहिलं. त्यानंतर थोडेच सूर आहेत.